कोलोरेक्टल सर्जरीची फेलोशिप: एमएसनंतर काय बघायचं, काय विचारायचं, कुठे फसायचं नाही

बाँडचं, म्हणजे पदवीनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात काढलं. एका रात्री साठीच्या पुढची एक बाई आली. सिग्मॉइडला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या खालच्या वळणाला, पीळ पडला होता, पोट ताणून टणक झालं होतं. उघडलं तर आतडं काळं पडलेलं. तेवढा भाग काढला आणि वरचं टोक पोटावर आणून कोलोस्टोमी केली, म्हणजे शौच पिशवीत उतरेल असं तोंड (स्टोमा) केलं. बाई वाचली. दीड महिन्याने ती मुलाबरोबर परत आली, तेव्हा पिशवीच्या कडेने गळून गळून भोवतालची कातडी सोलवटून लाल झाली होती. ती नऊवारी नेसायची, आणि जिथे निऱ्या खोचायच्या नेमकं तिथेच मी स्टोमा आणला होता. ऑपरेशनला नेण्यापूर्वी तिला उठवून बसवायला आणि "मावशी, लुगडं कुठे खोचता?" एवढं विचारायला एक मिनिट लागलं असतं. एमएसच्या तीन वर्षांत मला ते कुणी सांगितलं नव्हतं. पुढे सहा महिन्यांनी तिचं आतडं जोडून स्टोमा बंद केला, पण ते सहा महिने तिने कसे काढले हे मी पाहिलं. कोलोरेक्टलकडे, म्हणजे मोठं आतडं आणि गुदमार्गाच्या सर्जरीकडे, वळले ती त्यानंतर.

फेलोशिप शोधताना माझं जवळजवळ एक वर्ष चुकीच्या जागी गेलं. माहिती विखुरलेली असते आणि जो तो आपल्या ओळखीतलं सांगतो. एमएस किंवा डीएनबी जनरल सर्जरी करून या वाटेला येणाऱ्यांचं तेवढं वर्ष वाचावं म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी आठवडाभर ओपीडीत बसा

कोलोरेक्टल म्हटलं की डोळ्यांपुढे रोबोट आणि रेक्टल कॅन्सर येतो. रोजचं काम मात्र मूळव्याध, फिशर, भगंदर, बद्धकोष्ठ, गुद बाहेर येणं, बाळंतपणात फाटलेला स्फिंक्टर (गुद आवळून धरणारा स्नायू), अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आतड्याला सूज आणणारे जुनाट आजार, आणि टीबीचं आतडं हे आहे. आपल्याकडे इलिओसीकल भागातला (लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथला) टीबी आणि क्रोन्स यांतला फरक ओळखणं हाच एक मोठा अभ्यास आहे. ज्याला सहा महिने टीबीची औषधं दिली तो शेवटी क्रोन्सचा निघतो, आणि उलटही होतं. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण कमी आहे, पण आपल्याकडचे पेशंट तरुण असतात आणि सिग्नेट रिंग प्रकारचा वाईट आजार त्यांच्यात जास्त दिसतो. पस्तिशीतला माणूस "मूळव्याधीचं रक्त" म्हणून वर्षभर मलम लावत राहतो आणि बोट घालून कुणी तपासलेलं नसतं.

यातल्या प्रत्येक दुखण्याला लाज चिकटलेली असते. बायका तर नवऱ्यालाही सांगत नाहीत. मी स्त्री सर्जन आहे म्हणून पाच-पाच, सात-सात वर्षं दुखणं अंगावर काढलेल्या बायका ओपीडीत येऊन मोकळ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. या शाखेत मुलींची फार गरज आहे. मुलींनी "हे पुरुषांचं काम" हे ऐकूनच घेऊ नये.

एखाद्या कोलोरेक्टल किंवा प्रोक्टॉलॉजी ओपीडीत परवानगी घेऊन सहा दिवस बसा. सहाव्या दिवशीही पुढचा पेशंट काय सांगतो याची उत्सुकता वाटली तर पुढे जा. फक्त मोठ्या केसेसचीच ओढ असेल तर सर्जिकल ऑन्कोलॉजी किंवा जीआय सर्जरी तुमच्यासाठी सरळ वाट आहे.

२. वाटा कोणत्या आहेत ते नीट समजून घ्या

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण "फेलोशिप" हा एकच शब्द वेगवेगळ्या गोष्टींना वापरतात.

पहिली वाट नीट-एसएसची, म्हणजे सुपरस्पेशालिटीच्या प्रवेशपरीक्षेची. ती परीक्षा देऊन सर्जिकल गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी किंवा सर्जिकल ऑन्कोलॉजीत एमसीएच किंवा डीआरएनबी करायचं, तीन वर्षं. यात कोलोरेक्टल हा मोठा भाग असतो, पण लिव्हर, पॅन्क्रिया, अन्ननलिका हेही सगळं करावं लागतं. मेडिकल कॉलेजात सुपरस्पेशालिटी विभागात शिकवायचं असेल तर ही पदवी लागते. ती मेडिकल कौन्सिलकडे अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवताही येते. अनेकजण आधी एमसीएच करतात आणि मग वर्षभर कोलोरेक्टल.

दुसरी वाट नॅशनल बोर्डाच्या एफएनबीची. मिनिमल अॅक्सेस, म्हणजे दुर्बिणीच्या सर्जरीची एफएनबी दोन वर्षांची आहे, प्रवेश फेलोशिप एन्ट्रन्स टेस्टमधून मिळतो. दुर्बिणीचा हात तयार होतो. कोलोरेक्टल किती मिळेल हे मात्र त्या हॉस्पिटलात कोणत्या केसेस येतात यावर आहे. काही ठिकाणी दोन वर्षं पित्ताशय, हर्निया आणि लठ्ठपणासाठीचं बेरिअॅट्रिकच चालतं.

तिसरी वाट संस्थेच्या स्वतःच्या फेलोशिपची, एक ते दोन वर्षांची. हा लेख मुख्यतः हिच्याबद्दल आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये कोलोरेक्टलचं काम वेगळं चालतं आणि सगळा भर कॅन्सरवर असतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कोलोरेक्टलचं स्वतंत्र युनिट आहे, तिथे कॅन्सरबरोबर कोलायटिस, पाउच (लहान आतड्याची आत केलेली पिशवी), भगंदर, फंक्शनल आजार असं सगळं दिसतं. पुणे, मुंबई, कोइम्बतूर, चेन्नई, हैदराबाद, दिल्ली इथल्या मोठ्या खाजगी हॉस्पिटलांतही जागा निघतात. नाशिकचं आपलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ मान्यताप्राप्त संस्थांमधून फेलोशिप अभ्यासक्रम चालवतं. जाहिरात दरवर्षी बदलते, त्यामुळे मागच्या वर्षीच्या पीडीएफवर विसंबू नका.

चौथी गोष्ट म्हणजे संघटनांचे छोटे कोर्स. आयएजीईएस आणि अमासी या दुर्बिणीने सर्जरी करणाऱ्यांच्या संघटना. त्यांचे एफआयएजीईएस आणि एफएमएएस हे काही दिवसांचे कोर्स आहेत, शेवटी परीक्षा असते. ते जरूर करा, पाया चांगला होतो. असोसिएशन ऑफ कोलन अँड रेक्टल सर्जन्स ऑफ इंडियाचं सदस्यत्व घ्या, त्यांच्या वार्षिक परिषदेला जा. पण नावापुढे अक्षरं लागली म्हणजे प्रशिक्षण झालं असं मानू नका. तीन दिवसांत कुणाला टीएमई, म्हणजे रेक्टम भोवतालच्या आवरणासकट काढणं, येत नाही.

सापळा: संस्थेची फेलोशिप कौन्सिलकडे नोंदवता येईल की नाही, सर्टिफिकेट विद्यापीठाचं असेल की हॉस्पिटलच्या लेटरहेडवरचं, हे प्रवेशाआधी लेखी विचारा. तोंडी "होऊन जाईल" या उत्तरावर दोन वर्षं लावू नका.

३. जागा पारखायची ती शेवटच्या फेलोच्या लॉगबुकवरून (केलेल्या ऑपरेशनांच्या नोंदवहीवरून)

मी पहिल्यांदा निवडलेली जागा एका मोठ्या शहरातली होती. नाव मोठं, सर परिषदेत लाइव्ह सर्जरी करणारे, थिएटर चकाचक. पाच महिने मी कॅमेरा धरला. पेशंट सरांचे, त्यांनी सरांच्या हातासाठी पैसे भरलेले, त्यामुळे फेलोला हात लावायची सोय नव्हती. रात्री मात्र आयसीयूचे फोन, डिस्चार्ज समरी, इन्शुरन्सचे फॉर्म आणि दुसऱ्या विभागांचे रेफरन्स हे सगळं माझ्याकडे. सरांचं चुकलं असं मी म्हणत नाही, ते उत्तम सर्जन होते आणि बघून मी बरंच शिकले. मी प्रवेशाआधी चुकीचे प्रश्न विचारले होते: वर्षाला केसेस किती, रोबोट आहे का, स्टायपेंड किती. विचारायला हवा होता तो एकच प्रश्न: तुमच्या शेवटच्या फेलोने स्वतःच्या हाताने काय केलं?

आता कुणी सल्ला विचारला की मी सांगते, विभागप्रमुखांना भेटण्याआधी सध्याच्या आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या फेलोला फोन करा. सध्याचा फेलो बिचारा तिथेच नोकरीत असतो, तो जपून बोलतो. बाहेर पडलेला मोकळेपणाने सांगतो. त्याला "कटिंग मिळतं का?" (स्वतः ऑपरेशन करायला मिळतं का) असं मोघम विचारू नका, कारण "मिळतं की" हे उत्तर ठरलेलं आहे. टप्प्याटप्प्याने विचारा.

लॅपरोस्कोपिक अँटिरिअर रिसेक्शन (दुर्बिणीने रेक्टमचा भाग काढून जोड देणं) हे एक ऑपरेशन नाही, आठ-नऊ तुकड्यांची माळ आहे. इन्फिरिअर मेझेन्टेरिक रक्तवाहिनी सुटी करून बांधणं, पॅन्क्रियाच्या खालच्या कडेशी शीर पकडणं, स्प्लेनिक फ्लेक्शर (प्लीहेजवळचं मोठ्या आतड्याचं वळण) खाली आणणं, मग ओटीपोटात मागच्या बाजूने उतरणं, दोन्ही बाजू, पुढची बाजू, स्टेपलरने रेक्टम कापणं, जोड देणं, आणि शेवटी ओटीपोटात पाणी भरून खालून हवा सोडून बुडबुडे येतात का बघणं. चांगला शिक्षक फेलोला पहिल्या महिन्यात एक तुकडा देतो, चौथ्या महिन्यात तीन, वर्षाच्या शेवटी अख्खी माळ. म्हणून विचारा: फ्लेक्शर पहिल्यांदा तुझ्या हातात कधी दिलं? मागचं डिसेक्शन कधी? बायकांच्या रुंद ओटीपोटात तू एकट्याने किती केल्या, पुरुषांच्या अरुंद ओटीपोटात किती? शेवटच्या प्रश्नाला आकड्यात उत्तर आलं, तर ती जागा खरी.

हे इतकं का, तर ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये टोटल मेझोरेक्टल एक्सिजन (टीएमई) मांडलं ते एका पातळ, केसासारख्या जाळीदार थराच्या आधारावर. त्या थरात राहिलात तर रक्त नाही, मज्जातंतू शाबूत, कॅन्सर आवरणासकट बाहेर. एक मिलिमीटर आत गेलात तर गाठ मागे राहते, एक मिलिमीटर बाहेर गेलात तर तरुण माणसाची लघवी आणि लैंगिक क्षमता जाते. हा थर व्हिडिओत ओळखता येतो, पण किती ताण दिल्यावर तो उघडतो हे बोटांनाच कळतं.

आणखी विचारायच्या गोष्टी:

• कोलोनोस्कोपी फेलो करतो की गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्ट? काही ठिकाणी सर्जनला स्कोपच मिळत नाही.
• भगंदराच्या केसेस एमआरआय बघून ठरतात का? पार्क्स यांनी १९७६ मध्ये केलेलं वर्गीकरण रोज वापरतात का, की प्रत्येकाला फिस्टुलेक्टमीच (भगंदराची वाट कापून काढणं)? एलआयएफटी, सीटन, फ्लॅप या दुसऱ्या पद्धतींतलं कधी काय, यावर चर्चा होते का?
• मॅनोमेट्री, एन्डोएनल सोनोग्राफी, डेफिकोग्राफी या गुदाच्या तपासण्या तिथेच होतात का?
• पूर्णवेळ स्टोमा नर्स आहे का? ती असेल तर जागा गंभीर आहे असं समजा.
• ट्यूमर बोर्ड (कॅन्सरच्या केसेसवर सगळ्या शाखांची बैठक) दर आठवड्याला बसतं का, आणि फेलोला तिथे केस मांडायला लावतात का?
• मृत्यू आणि गुंतागुंतींची बैठक होते का? जिथे लीकचा (आतड्याचा जोड गळण्याचा) आकडा मोकळेपणाने बोलला जातो तिथे शिकायला मिळतं.

जमलं तर दोन दिवस स्वतः जाऊन उभं राहा. थिएटरमध्ये एवढंच बघा की अडचण आली की सर फेलोच्या हातातून इन्स्ट्रुमेंट काढून घेतात, की "थांब, ट्रॅक्शन बदल" म्हणतात.

४. कागदपत्रं

ही यादी आधीच एका फाइलमध्ये आणि एका स्कॅन फोल्डरमध्ये तयार ठेवा.

• एमबीबीएस आणि एमएस किंवा डीएनबीच्या पदव्या. दीक्षान्त समारंभ व्हायचा असेल तर प्रोव्हिजनल पासिंग सर्टिफिकेट.
• सर्व वर्षांच्या गुणपत्रिका आणि अटेम्प्ट सर्टिफिकेट.
• महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी, आणि एमएसची अतिरिक्त पात्रता म्हणून केलेली वेगळी नोंदणी.
• बाँड पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र किंवा सध्याच्या ठिकाणचं ना हरकत पत्र.
• सिनियर रेसिडेन्सीचं अनुभवपत्र, सुरुवातीची आणि शेवटची तारीख स्पष्ट असलेलं.
• दोन किंवा तीन शिफारसपत्रं. लॉगबुकचा सारांश, युनिटप्रमुखांच्या सहीने.
• हिपॅटायटिस बीच्या लसीचे पुरावे आणि अँटिबॉडी टायटर.
• प्रोफेशनल इंडेम्निटीची पॉलिसी.

यात तीन सापळे आहेत. पहिला, एमएसची अतिरिक्त नोंदणी. पुष्कळजण डिग्री हातात आली की निश्चिंत होतात आणि कौन्सिलकडे ती चढवायची राहते. रुजू व्हायच्या आठवड्यात ते लक्षात येतं. कौन्सिलचं नूतनीकरणही दर पाच वर्षांनी असतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट तास लागतात. तुमची तारीख फेलोशिपच्या मधोमध येते का ते बघून घ्या. महाराष्ट्राबाहेर जायचं असेल तर तिथल्या कौन्सिलची नोंदणी मागतात आणि त्यासाठी आपल्या कौन्सिलचं एनओसी लागतं. हे काम निवड झाल्याच्या दिवशीच सुरू करा.

दुसरा सापळा बाँडचा. सरकारी कॉलेजात शिकलेल्यांचे मूळ कागद कधीकधी कॉलेजात अडकलेले असतात. रुजू होताना मूळ प्रती मागतात. क्लार्ककडे जाऊन "साहेब, माझे ओरिजिनल कुठे आहेत?" हे दोन महिने आधी विचारा, दोन दिवस आधी नाही.

तिसरा सापळा नावाचा. आपल्या बोर्डाच्या आणि विद्यापीठाच्या कागदांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम, आधारवर वडिलांचं नाव गायब, आणि लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत आडनावच बदललेलं. देशात कसंतरी निभावतं. परदेशात पडताळणीत तिथेच अडतं. राजपत्रात नावबदलाची नोंद करून तो अंक जपून ठेवा, किंवा सरळ सगळीकडे एकच नाव ठेवा. मी लग्नानंतर नाव बदललं नाही त्यामागे हेही एक कारण होतं.

५. अर्ज आणि मुलाखत

अर्जाच्या पत्रात "मला लहानपणापासून सर्जरीची आवड" वगैरे लिहू नका. तुम्ही पाहिलेला एक पेशंट, त्यात तुम्हाला काय कमी पडलं, आणि ते या विभागात कसं शिकता येईल, एवढं एका पानात. शिफारसपत्र मोठ्या नावाच्या डीनकडून घेण्यापेक्षा ज्यांनी तुम्हाला रात्री दोन वाजता परफोरेशन करताना पाहिलंय त्या असोसिएट प्रोफेसरांकडून घ्या.

मुलाखतीत बहुधा साध्या गोष्टी खोलात विचारतात. ४५ वर्षांच्या पुरुषाला शौचावाटे रक्त जातंय, काय कराल? रेक्टल कॅन्सरचा एमआरआय समोर ठेवतात आणि मेझोरेक्टल फेशिया (रेक्टमभोवतालचं आवरण) दाखवायला सांगतात. रेडिएशननंतर गाठ पूर्ण विरघळली तर ऑपरेशन करायचं की थांबून लक्ष ठेवायचं, हा प्रश्न ब्राझीलच्या अँजेलिटा हाब्र-गामा यांच्या २००४ सालच्या कामापासून चर्चेत आहे आणि हमखास येतो. पाठ उत्तर देऊ नका. आपला पेशंट दर तीन महिन्यांनी सोलापूरहून तपासणीला येईल का, त्याला प्रवासखर्च झेपेल का, हे उत्तरात आलं पाहिजे.

शेवटी "तुमचे काही प्रश्न?" म्हणतात तेव्हा अदबीने पण स्पष्ट विचारा: "सर, मागच्या फेलोचं लॉगबुक बघायला मिळेल का?" याने कुणी रागावत नाही. रागावले तर तेही उत्तरच आहे.

६. रुजू होण्याआधीचे तीन महिने

घरी बॉक्स ट्रेनर लावा. जुना मोबाइल, प्लास्टिकचा डबा आणि दोन जुनी इन्स्ट्रुमेंट्स पुरतात. रोज अर्धा तास डाव्या हाताने गाठी. ओटीपोटाची शरीररचना पुन्हा वाचा, विशेषतः मज्जातंतू: हायपोगॅस्ट्रिक कुठे, पेल्व्हिक प्लेक्सस कुठे. रेडिओलॉजीतल्या मित्राकडे चार संध्याकाळी बसून रेक्टमचे वीस एमआरआय बघून घ्या.

आणि क्षारसूत्र, म्हणजे भगंदरात औषधी धागा घालायचा आयुर्वेदिक उपाय, समजून घ्या. महाराष्ट्रात भगंदराचे कितीतरी पेशंट आधी वैद्यांकडे जाऊन क्षारसूत्र करून आलेले असतात. त्याला नाक मुरडणारे सर्जन मी पाहिलेत. पेशंट मग इतिहास लपवतो आणि नुकसान आपलंच होतं. धागा किती महिने होता, किती वेळा बदलला, कोणत्या दिशेने कापत गेला, हे नीट विचारा. स्फिंक्टर किती उरलाय ते यावर ठरतं.

७. फेलोशिप सुरू झाल्यावर

पहिल्या दिवसापासून लॉगबुक. केसचं नाव लिहून थांबू नका, कोणता टप्पा केला, किती वेळ लागला, सरांनी कुठे हात घातला, हे त्याच रात्री लिहा. दर महिन्याला सरांची सही घ्या. वर्षाच्या शेवटी दोनशे केसेसवर एकदम सही मागितली तर कुणालाच काही आठवत नाही. पेशंटचं नाव आणि नंबर मात्र स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नका.

स्वतःचे व्हिडिओ बघा, आणि न पळवता मूळ वेगाने बघा. आपण कुठे घुटमळतो ते तिथे दिसतं.

जोड दिलेल्या पेशंटला तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ स्वतः जाऊन बघा. लीक बहुतेकदा पोटातून आधी बोलत नाही. नाडी वाढते, पेशंट किंचित अस्वस्थ होतो, "बरं वाटत नाही" एवढंच म्हणतो. नर्सने लिहिलेला नाडीचा ११० चा आकडा आणि सीआरपी (रक्तातला सूज दाखवणारा घटक) उतरत नाहीये हे दोन्ही जुळलं की रात्रीच सरांना फोन करा. सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नका.

स्टोमा मार्किंग नर्सकडून शिका. मला वेल्लोरला शिकलेल्या एका सिस्टरनी शिकवलं, आणि मी ते अजून तसंच करते. पेशंटला त्याचे नेहमीचे कपडे घालायला सांगा, हॉस्पिटलचा गाउन नाही. उभं करा, खुर्चीवर बसवा, जमिनीवर मांडी घालायला लावा, मग उकिडवं. प्रत्येक वेळी पोटाची घडी कुठे पडते ते बघा. साडी, धोतर, परकराची नाडी, शेतकऱ्याचा करगोटा, कामगाराचा पट्टा, सगळं त्या त्या जागी हात लावून बघा. जागा पोटाच्या उभ्या रेक्टस स्नायूतून जाणारी, हाडापासून आणि जुन्या व्रणापासून लांब, आणि पेशंटला स्वतःला वाकून दिसणारी हवी. पोट सुटलेल्या माणसाला बेंबीखालची जागा दिसतच नाही, त्याला वर घ्यावी लागते. पक्क्या शाईच्या पेनने खूण करा आणि वर पारदर्शक ड्रेसिंग लावा, नाहीतर सकाळच्या आंघोळीत ती जाते. रात्री अकरा वाजता येणाऱ्या इमर्जन्सीतही एवढं करता येतं. पेशंट बसूच शकत नसेल तर निदान नातेवाइकाला विचारा की हे रोज काय नेसतात.

पेशंट स्टोमा म्हणत नाहीत, "संडासची पिशवी" म्हणतात. ऑपरेशनच्या आधी रिकामी पिशवी त्यांच्या हातात द्या, पाणी भरून रात्रभर लावून झोपायला सांगा. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे. आधीच पिशवी लावून कामावर जाणाऱ्या माणसाशी दहा मिनिटं बोलणं झालं तर आपल्या तासाभराच्या समुपदेशनापेक्षा जास्त धीर येतो.

८. परदेशाची वाट

ब्रिटनला मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह या परदेशी डॉक्टरांच्या प्रशिक्षण योजनेतून जाता येतं. जास्तीत जास्त दोन वर्षं, नंतर परत यावं लागतं. प्लॅब (परदेशी डॉक्टरांची तिथली परीक्षा) द्यावी लागत नाही, कारण रॉयल कॉलेज तुमच्यासाठी प्रायोजक असतं. पण आधी एखाद्या एनएचएस ट्रस्टची (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या संस्थेची) जागा हातात हवी, इंग्रजीची परीक्षा हवी (आयईएलटीएसमध्ये एकूण ७.५ आणि प्रत्येक भागात किमान ७, किंवा ओईटीत चारही भागांत बी), जनरल मेडिकल कौन्सिलसाठी एमबीबीएसची ऑनलाइन पडताळणी हवी, आणि अलीकडची सलग क्लिनिकल प्रॅक्टिस हवी. अभ्यासासाठी घरी बसलेलं वर्ष इथे आड येतं. व्हिसासाठी टीबीची तपासणीही लागते. सगळं मिळून एक वर्ष धरून चाला. इंग्रजीचा निकाल दोन वर्षंच चालतो, म्हणून ती परीक्षा फार आधी देऊ नका.

लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलचं नाव तुम्ही ऐकलं असेल. फ्रेडरिक सॅमन यांनी १८३५ मध्ये गरिबांच्या भगंदरासाठी सात खाटांनी ते सुरू केलं. गुडसॉल, लॉइड-डेव्हिस, ड्यूक्स, पार्क्स ही आपल्या पुस्तकातली नावं तिथलीच. तिथल्या छोट्या निरीक्षण भेटी किंवा कोर्स आयुष्यभर लक्षात राहतील असे असतात, पण निरीक्षक म्हणून गेलात तर पेशंटला हात लावता येत नाही हे मनाशी पक्कं ठेवा.

अमेरिकेबद्दल एक गैरसमज दरवर्षी कुणीतरी मला विचारतं: "तिकडे एक वर्षाचीच फेलोशिप आहे ना?" आहे, पण ती तिथली पाच वर्षांची जनरल सर्जरी रेसिडेन्सी केलेल्यांसाठी. आपला एमएस तिथे त्या रेसिडेन्सीच्या जागी धरत नाहीत. थेट जाता येतं ते संशोधन किंवा निरीक्षणासाठी.

९. घर आणि पैसा

स्टायपेंड बहुतेक ठिकाणी सिनियर रेसिडेंटपेक्षा कमी असतो, काही ठिकाणी फीही घेतात. मुंबई-पुण्यात डिपॉझिट आणि भाडं हॉस्पिटलच्या जवळ घ्यायचं तर जास्तच जातं. लांब घर घेऊन रात्रीच्या इमर्जन्सीला पोहोचता येत नसेल तर निम्मं शिक्षण हुकतं. रुजू होण्याआधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. वर्षभरात करार मधेच मोडला तर किती पैसे भरावे लागतात, हे कलम करारात शोधून वाचा. पहिली जागा सोडताना मला ते वाचलेलं नसल्याचं फार महागात पडलं.

१०. परत आल्यावर

शेवटच्या महिन्यात तीन गोष्टी हातात घेऊनच निघा: सही-शिक्क्याचं लॉगबुक, अनुभवपत्र आणि सर्टिफिकेट. "पोस्टाने पाठवतो" यावर निघू नका.

पहिल्या वर्षी तुमच्याकडे मूळव्याध आणि भगंदर येतील, रेक्टल कॅन्सर नाही. तेच नीट करा. प्रत्येक रक्तस्रावाच्या पेशंटला बोटाने तपासा, चाळिशीपुढच्याला कोलोनोस्कोपी सुचवा. पहिला रेक्टल कॅन्सर येईल तो त्यातूनच. त्या पहिल्या केसला शिकवणाऱ्या सरांना बोलवा, ते येतात. माझ्या पहिल्या तीन केसेसना सर रात्रीच्या रेल्वेने आले, समोर उभे राहिले आणि एकदाही हात लावला नाही.

आसपासच्या तालुक्यांतल्या जनरल सर्जनांची यादी करून प्रत्येकाला फोन करा. इमर्जन्सी स्टोमा तेच करणार आहेत. मी त्यांना मार्किंगचं एक पान मराठीत छापून पाठवते, ओटीच्या दारावर लावायला. पहिल्या ओळीत लिहिलंय: पेशंटला आधी बसवा, आणि कपडा कुठे बांधतात ते विचारा.